‘अपघाताचे कारण’ या रकान्याबद्दल मालकांना खुले पत्र

प्रति,
कारखाने, बांधकामे, खाणी, गोदामे आणि लहानमोठ्या कार्यशाळा चालवणारे सर्व मालक व व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

अपघात झाला की एक फॉर्म भरावा लागतो. कामगाराचे नाव, वय, खाते, पाळी, वेळ, शरीराच्या कोणत्या भागाला इजा झाली, आणि सगळ्यात खाली एक रकाना असतो: ‘अपघाताचे कारण’. सुरक्षा अधिकारी म्हणून मी तो किती वेळा भरला याचा हिशोब मी ठेवलेला नाही. त्यात काय लिहिले ते मात्र पक्के आठवते, कारण बहुतेक वेळा तेच दोन शब्द असायचे: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. नोकरी संपल्यावर आज हे पत्र लिहायला बसलो आहे ते त्या दोन शब्दांपायी.

त्यातला एक फॉर्म सांगतो. रात्रपाळी होती, पॉवर प्रेस होती, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे यंत्र. पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबायची, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो, जॉब, म्हणजे हवा तो भाग, तयार. ती दोन बटणे एकमेकांपासून लांब बसवलेली असतात, कारण दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये एकही हात नसतो. पुढे जाळीचा गार्ड होता, आणि गार्ड उघडा असताना प्रेस चालूच होऊ नये म्हणून लिमिट स्विच होता. कागदोपत्री यंत्रात काही खोट नव्हती. त्या रात्री २२ वर्षांच्या एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या प्रेसमध्ये गेली. मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेले होते. एका बटणात लाकडाची खुंटी ठोकून ते कायमचे दाबून ठेवले होते आणि लिमिट स्विच बांधणीच्या तारेने आवळून टाकला होता.

ती तार मी टॉर्च लावून जवळून पाहिली. तिच्यावर तेलाचा आणि धुळीचा काळा थर बसला होता, नखाने खरवडूनही निघेना. असा थर एका रात्रीत बसत नाही, आठवड्यातही बसत नाही. म्हणजे तार कित्येक महिने तिथे होती. तेवढ्या काळात त्या प्रेससमोरून तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर गेले, मेंटेनन्सची माणसे गेली, खातेप्रमुख गेले, पाहुण्यांना कारखाना दाखवायला मालक गेले. मीही गेलो होतो. तार कोणी बांधली ते शेवटपर्यंत कळले नाही. का बांधली ते मात्र खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जाळी उघडायची, जॉब काढायचा, कातरण झटकायचे, जाळी परत लावायची, यात दर वेळी काही सेकंद जात. पाळीचे टार्गेट ठरवताना ते सेकंद कोणी धरलेच नव्हते. गार्ड लावून टार्गेट गाठता येत नव्हते आणि टार्गेट चुकले की बोलणी खावी लागत.

तो मुलगा त्या यंत्रावर उभा राहायच्या कितीतरी आधीपासून ती तार तिथे होती. तरी मी फॉर्मवर लिहिले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. खाली सही माझी आहे.

माझे म्हणणे लांबलचक नाही. काम करणाऱ्या माणसाकडून चूक होणारच. पाय घसरतो, लक्ष उडते, अडकलेला तुकडा काढायला हात आपोआप पुढे जातो, पाळीच्या शेवटच्या तासाला डोळ्यांवर झापड येते. तुमच्याकडून आणि माझ्याकडूनही दिवसभरात अशा चुका होतात, फक्त आपल्या टेबलावर रॅम नसतो. चूक होणार हे धरूनच कामाची मांडणी करायला हवी, आणि ती मांडणी ज्याच्या हातात आहे त्याच्यावरच तिची जबाबदारी येते. यंत्र कोणते घ्यायचे, ते कुठे बसवायचे, टार्गेट किती, पाळी किती तासांची, कामावर माणसे किती, यातले काहीही कामगार ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता.

ही समज कायद्यात यायला फार वेळ लागला. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. एका खाटकाचा नोकर मालाच्या गाडीवर होता. गाडीत माल जास्त भरला होता, ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही. नोकराला धोका दिसत होता, त्याने काम नाकारायचे होते, असा एकूण सूर होता. याच निकालापासून पुढे असा पायंडा पडला की एका कामगाराला इजा सहकाऱ्याच्या चुकीमुळे झाली असेल तर मालक मोकळा. पिढ्यान्‌पिढ्या माणसे या वाटेने भरपाईविना घरी गेली.

ती वाट बरीच अरुंद करणारा मोठा निकाल शंभर वर्षांनी आला. १९३३ साली स्कॉटलंडच्या एका कोळसा खाणीत दिवसपाळी संपवून एक खाणकामगार बाहेर यायला निघाला होता. ज्या बोगद्यातून तो चालला होता त्यातच कोळसा ओढणारी यंत्रणा सुरू झाली आणि तो चिरडला गेला. पाळी सुटून माणसे बाहेर पडत असताना ती यंत्रणा बंद ठेवायला हवी होती. कंपनी म्हणाली, खाणीचे काम बघायला आम्ही लायक व्यवस्थापक नेमला होता, आमचे कर्तव्य तिथे संपले. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९३७ साली हे म्हणणे फेटाळले. लायक माणसे, योग्य साधने, आणि कामाची सुरक्षित पद्धत व तिच्यावर देखरेख, एवढे पुरवणे हे मालकाचे स्वतःचे कर्तव्य आहे. ते काम दुसऱ्याला करायला सांगता येते, जबाबदारी मात्र त्याच्याकडे ढकलता येत नाही. माझ्या नोकरीत मला ‘सेफ्टी तुमचं खातं आहे’ असे अनेकदा ऐकवले गेले. मी सल्ला देऊ शकत होतो, टार्गेट कमी करू शकत नव्हतो. पाळीचा आकडा ज्या खोलीत ठरत होता तिथे मला बोलावणेच नसायचे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही हेल्मेट देतो, बूट देतो, हातमोजे देतो, गॉगल देतो. देता, आणि द्यायलाच हवेत. पण धोक्याशी लढायच्या ज्या पाच पायऱ्या जगभर मानल्या जातात त्यांत ही साधने शेवटची पायरी आहेत. पहिली पायरी धोकाच काढून टाकायचा. ते जमत नसेल तर धोकादायक वस्तूच्या जागी कमी धोक्याची आणायची. तेही जमत नसेल तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये लोखंड, काच, पाणी, शोषक पंखा असे काहीतरी उभे करायचे. मग कामाचे नियम, पाळ्यांची अदलाबदल, प्रशिक्षण, परवाने. हे सगळे करून जो धोका उरेल त्याच्यासाठी हेल्मेट आणि मास्क. आपल्याकडे ही शिडी उलटी लावलेली असते. सुरुवात मास्कने होते आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो.

दगड कापणाऱ्याचे काम घ्या. कोरड्या दगडावर कटर फिरला की पांढरा लोट उठतो. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. घात करतो तो त्यातला न दिसणारा भाग. दगडातल्या सिलिका या खनिजाचे काही मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथे व्रण धरायला लागतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो पुढे सरकत राहू शकतो. त्यात क्षयाचा धोका वाढतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचाही. हे काही नवे ज्ञान नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली दगड फोडणाऱ्यांच्या छातीच्या दुखण्यांबद्दल लिहून ठेवले आहे. रोग्याला तू काम काय करतोस हे विचारत जा, असे वैद्यांना बजावणारा तोच.

अशा जागी मास्क वाटून मोकळे होणाऱ्यांनी कटरजवळ एक पाळीभर उभे राहून पाहावे. तासाभरात घामाने मास्क भिजतो, श्वास जड होतो. दाढी वाढलेली असेल तर कडेने फट राहते आणि हवा तिथूनच आत जाते. कटरच्या आवाजात सहकाऱ्याला हाक मारायची म्हणून मास्क हनुवटीवर येतो आणि तिथेच राहतो. याउलट पात्यावर पाण्याची एक धार सोडली की बहुतेक धूळ उठायच्या आधीच चिखल होऊन खाली बसते. पाण्याच्या धारेला दाढी आडवी येत नाही आणि ती हाक मारायला मास्क खाली ओढत नाही. ती कामगाराच्या शिस्तीवर अवलंबून नाही, म्हणून ती वरच्या पायरीवर आहे. आणि जिथे पाणीही पुरेसे ठरले नाही तिथे एका देशाने पहिल्या पायरीवर जायची हिंमत दाखवली. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरतात त्या कृत्रिम दगडात सिलिकाचे प्रमाण पुष्कळदा ९० टक्क्यांच्या वर असते. तो कापणारी तरुण मुले सिलिकोसिसने आजारी पडायला लागली तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा दगड बनवणे, पुरवणे, बसवणे यांवर बंदी आणली.

सिलिकाचे इतके लांबवून सांगितले, कारण या मरणाचा फॉर्मच भरला जात नाही. बोट तुटले तर रक्त सांडते, पाळी थांबते, धावपळ होते. फुप्फुस कोणत्या दिवशी गेले हे कोणालाच सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, २०२३ साली आलेला अंदाज असा आहे की कामामुळे दरवर्षी जगात जवळपास ३० लाख माणसे मरतात. त्यांतली सुमारे ३ लाख ३० हजार अपघातांत जातात, आणि उरलेली सुमारे २६ लाख कामातून जडलेल्या आजारांनी. धूळ, वाफा, रसायने, आणि अतिरेकी तास सुद्धा. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्याने पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. एकट्या २०१६ साली यामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा आयएलओ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा मिळून काढलेला अंदाज आहे. तुमच्या भिंतीवरच्या अपघातांच्या तक्त्यावर यातले एकही मरण दिसत नाही. माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

टाक्या, खड्डे, गटारे, सायलो (माल साठवायच्या उंच कोठ्या) यांबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचे आहे. एकदा आमच्याकडे पाण्याची एक जुनी लोखंडी टाकी आतून साफ करायची होती. बरेच दिवस झाकण लावून बंद. रसायन नाही, गॅस नाही, नुसते पाणी होते, आणि ते सोडून दिले होते. हेल्परने शिडी लावली, एक पाय आत टाकला. मी त्याला थांबवून गॅस मीटर दोरीने खाली सोडायला लावला. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. तोंडाशी आकडा ठीक होता. हातभर खाली गेल्यावर मीटर वाजायला लागला आणि तळाशी आकडा १५ च्याही खाली उतरला. ओल्या लोखंडाला गंज चढताना तो बंद टाकीतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. त्या हवेला वास नव्हता, रंग नव्हता, डोळे चुरचुरले नसते. हेल्परने शिडीवरचा पाय काढून घेतला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

नाकावर भरवसा ठेवायचा नाही. नायट्रोजनला वासच नाही. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. मग वरचा सहकारी त्याला ओढायला तसाच आत उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा जागांत मेलेल्यांमध्ये वाचवायला गेलेले नेहमीच खूप असतात. यासाठी काय लागते तेही कोणापासून लपलेले नाही. आधी बाहेरून साफ करता येते का ते बघायचे. आत जावेच लागले तर मोजमाप करून लेखी परवाना, हवा खेळती ठेवणारा ब्लोअर, वर सतत एक माणूस ज्याने जागा सोडायची नाही, आणि आतल्या माणसाच्या अंगावर हार्नेस, म्हणजे सुरक्षेचे पट्टे, त्याची दोरी तिवईवरच्या विंचला, म्हणजे दोरी गुंडाळून वर ओढणाऱ्या चाकाला, म्हणजे कोणीही आत न उतरता त्याला वर काढता येईल. हे नसेल तर त्या दिवशी ते काम होणार नाही, असे म्हणायचा अधिकार तुमच्याकडे आहे. तो वापरा.

मी हे बोललो की समोरून हमखास एक उत्तर येते: ‘तो माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे.’ गेटपासचा रंग बघून यंत्र कोणाचा हात सोडत नाही. उंचावरची, टाकीतली, उष्णतेतली, रसायनांची कामे आपण मुद्दाम कंत्राटावर देतो आणि मग मेलेल्याचे नाव आपल्या पगारपत्रकावर नाही म्हणून आपला आकडा शून्य ठेवतो. आयएलओच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या कराराने यावर स्पष्ट लिहिले आहे: एकाच जागी दोन किंवा जास्त आस्थापना काम करत असतील तर सुरक्षेसाठी त्यांनी एकमेकांना सहकार्य करायचे. ठेकेदाराच्या माणसाला तुमच्या वायरिंगची माहिती नसते, कोणत्या पाइपात काय वाहते ते माहीत नसते. तो आज पहिल्यांदा आत आलेला असतो. ज्याला जागा ठाऊक आहे त्यानेच सांगायला हवे, आणि जागा तुम्हाला ठाऊक आहे.

याच करारातले आणखी एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. बुटांचे पैसे पगारातून कापणे, हरवलेल्या हातमोज्यांचा दंड लावणे, हे थांबवा. दंडाच्या भीतीने फाटके हातमोजे वापरणारे हात मी पाहिले आहेत.

आता तक्त्याबद्दल. गेटजवळ मोठा फलक असतो, ‘अपघाताविना इतके दिवस’. आकडा वाढत गेला की खात्याला बक्षीस. हेतू चांगला असतो हे मी मान्य करतो. पण मी काय पाहिले ते सांगतो. एका माणसाच्या तळहाताला टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी त्याला घरून गाडी पाठवून आणले, ऑफिसात खुर्चीवर बसवले, हातात वाचायला जुने रजिस्टर दिले. पाळीभर तो बसून होता, हात छातीशी धरून, मधून मधून डोळे मिटत होता. तो हजर होता, म्हणून ‘कामाचा दिवस वाया गेला नाही’, म्हणून फलक तसाच राहिला. खात्यातल्या सगळ्यांनी ते पाहिले. त्यानंतर त्या खात्यातून लहानसहान इजांची एकही नोंद माझ्याकडे आली नाही. वरच्यांना वाटले, सुधारणा झाली.

थोडक्यात हुकलेले अपघात ही तुम्हाला फुकट मिळणारी माहिती आहे. परांचीवरून पाना पडला आणि कोणाला लागला नाही, फोर्कलिफ्ट हातभर अंतरावर थांबली, केबल फाटलेली दिसली. हे सांगणाऱ्याला शिक्षा झाली किंवा त्याच्यामुळे खात्याचे बक्षीस गेले, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. फलक उतरवा असे मी म्हणणार नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावा, या महिन्यात किती धोके कळवले गेले आणि त्यांतले किती दुरुस्त झाले याचा. तो आकडा शून्य असेल तर काळजी करा.

आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. जिवावर बेतेल असा धोका समोर आहे असे मानायला रास्त कारण असेल आणि म्हणून कामगार त्या जागेवरून बाजूला झाला, तर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, हेही त्याच करारात आहे. २०२२ सालच्या जूनमध्ये आयएलओने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हे कामाच्या मूलभूत हक्कांमध्ये धरले. संघटित होण्याचा हक्क, वेठबिगारीला आणि बालमजुरीला मनाई, यांच्याच रांगेत. ज्या सदस्य देशांनी कराराला मंजुरी दिलेली नाही त्यांनाही या तत्त्वाचा मान राखणे बंधनकारक झाले.

हा अधिकार नसला तर काय होते ते जगाने बांगलादेशात पाहिले. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. माणसे बाहेर काढली गेली. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे दुसऱ्या दिवशी बोलावली नाहीत. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांनी मात्र कामगारांना सकाळी कामावर यायला लावले. ते भिंतीचे तडे पाहून आलेले लोक होते, धोका त्यांना कळत होता. पण पगार त्या दारातून आत गेल्यावरच मिळणार होता. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. ‘दिसत होते तर का गेले’ हा प्रश्न त्यांना विचारणे म्हणजे पुन्हा १८३७ सालात जाणे आहे.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळजण मोठे मालक नाहीत. चार यंत्रांची कार्यशाळा, त्यातल्या एका यंत्रावर मालक स्वतः उभा, ऑर्डर वेळेत गेली नाही तर पुढची मिळायची नाही. तुमच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण तुमचे हातही त्याच प्रेससमोर आहेत. सगळे धोके शून्य करा असे कायदाही म्हणत नाही. तो ‘शक्य कोटीतले’ उपाय मागतो. ‘शक्य कोटीतले’ म्हणजे किती, यावर १९४९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यात जो निकाल आला तो अजून वापरला जातो. एका पारड्यात धोका घाला, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, त्रास. धोक्याच्या मानाने हे दुसरे पारडे अगदीच अवाच्या सवा जड असेल तरच सूट. दोन्ही पारडी सारखी दिसत असतील तर उपाय करायचा. आणि माझा अनुभव असा की बहुतेक उपायांना पैशापेक्षा कोणीतरी थांबून बघण्याची गरज असते. अपघातानंतर त्या प्रेसवर आम्ही तारेने बांधता येणार नाही असा इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडा असताना प्रेस चालू न देणारी कळ, बसवला, कातरण आपोआप खाली पडेल असा उतार केला आणि टार्गेट घड्याळ लावून नव्याने ठरवले. याला अर्धी पाळी लागली.

कामगार कधीच जाणूनबुजून नियम मोडत नाही असे माझे म्हणणे नाही. मोडतो. हार्नेस अंगात घालतो पण हूक अडकवत नाही, कारण अडकवायला वर जागाच नसते किंवा दर दोन पावलांवर हूक बदलावा लागतो. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लावत नाही, कारण कुलूप स्टोअरमध्ये असते आणि स्टोअरची किल्ली घेऊन माणूस घरी गेलेला असतो. मी जेव्हा जेव्हा ‘का’ हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा तेव्हा उत्तर कामगारापासून सरकून साधनाकडे, वेळेकडे, मांडणीकडे गेले. माझी खंत ही आहे की मी तो प्रश्न दुसऱ्यांदा पुरेशा वेळा विचारला नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे ते फॉर्मबद्दल. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे उत्तर तुमच्या कारखान्यात यापुढे पुरे मानले जाणार नाही असे लेखी काढा. ज्याने चूक केली असे वाटते त्याच्या नावापुढे हेही लिहिले जाऊ द्या, की ती चूक झाल्यावर मध्ये अडवणारे काय असायला हवे होते, ते होते का, नसेल तर कधीपासून नव्हते, आणि ते कोणकोणाला दिसत होते. खाली सुरक्षा अधिकाऱ्याची एकट्याची सही नको. तुमची हवी. टार्गेट ठरवणाऱ्याचीही हवी.

आणि हा फॉर्म भरायची वेळ येण्याआधी एक दिवस पाळी सुरू होताना खात्यात या. बरोबर सुपरवायझर नको, वही नको, फोटो काढणारा नको. सगळ्यात जुन्या ऑपरेटरपाशी उभे राहा आणि विचारा, ‘तुम्हाला कोणता गार्ड सगळ्यात जास्त वेळा काढावा लागतो?’ पहिल्या दिवशी तो म्हणेल, ‘कोणताच नाही, साहेब.’ दुसऱ्या आठवड्यात परत या आणि तेच विचारा. त्याने एखादे यंत्र दाखवले, तर त्याच्यादेखत त्या यंत्राचा मेन बंद करून कुलूप लावा. दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्राचे टार्गेट कोणाच्या माथी मारू नका. त्याला धन्यवाद म्हणा आणि खात्यातल्या बाकीच्यांना ते ऐकू जाऊ द्या.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी